चिमटा कोणत्या हातातून पडला?

४ जानेवारी

ती. ताईंस,
साष्टांग नमस्कार.

माशांची टाकी सुखरूप पोचली. चार हमालांनी ती जिन्यावरून वर चढवली तेव्हा आमचे ड्रायव्हरसाहेब पुढे उलट्या पावलांनी चालत ‘जपून, जपून’ करत होते आणि शेवटच्या पायरीवर स्वतःच धडपडले. टाकीला ओरखडासुद्धा नाही. साहेबांच्या कोपराला आहे. तुम्ही घर सोडून दोन खोल्यांत राहायला गेलात आणि टाकी आम्हाला दिलीत, त्याचं ह्यांना इतकं अप्रूप आहे की शाळेची बस लावून घरी आले की चपला काढायच्या आधी त्या रिकाम्या काचेसमोर उभे राहतात. दादांना जाऊन दहा महिने होत आले, पण ह्यांच्या तोंडी अजून ‘दादा असं ठेवतो’, ‘दादा तसं लावतो’ असंच येतं.

आता खरं काम. काल दुकानातून पाण्यातल्या झाडांच्या सहा कुंड्या आणल्या. वाटीएवढ्या, काळ्या प्लास्टिकच्या, जाळीदार. आत मातीऐवजी राखाडी लोकरीसारखं काहीतरी ठासून भरलंय. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, ‘तशीच ठेवा हो पाण्यात, काही होत नाही.’ हे म्हणाले, ‘दादाच्या टाकीत कधी कुंडी दिसली का तुला?’ नाही दिसली. म्हणजे काढून लावायची. पण कशी? एका कुंडीवर ‘जावा फर्न’ अशी चिठ्ठी आहे. म्हटलं, हे तर आपलंच झाड. दोन जावा एका कुंडीत!

दादांची काही वही-बिही आहे का? मासे पाळणाऱ्यांच्या हौशी मंडळाचा करंडक त्यांच्या टाकीला ओळीने चार वर्षं मिळाला, म्हणजे काहीतरी लिहून ठेवलेलं असणार. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही म्हणून हे पत्र. तोवर कुंड्या बादलीत बुडवून ठेवल्या आहेत.

तुमची,
धाकटी

ता. क. ह्यांनाही लिहायचंय, खालची जागा त्यांची:
वहिनी, दादाचा लांब चिमटा टाकीबरोबर पाठवलात, फार बरं केलंत. कवळ्यांना दात बसवायचा तो ह्याच चिमट्याने ना? कारखान्यात त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता म्हणतात. मी रोज हातात घेऊन बघतो. झाडं त्याच्यासारखीच लावणार.


१० जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. वही नाही. मला त्या टाकीतलं काही कळत नाही. माझा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये अवजारं मोजण्यात गेला. झाडं तुमचे दादा लावायचे. येता-जाता बघून जे लक्षात राहिलं तेवढं लिहिते.

कुंडी तशीच ठेवायची नाही. झाड पानांना धरून ओढू नकोस. कुंडी चारी बाजूंनी दाबायची, मग झाड लोकरीसकट बाहेर येतं. मुळं जाळीतून बाहेर आली असतील तर कुंडी कात्रीने कापायची, मुळं नाही. कुंडी काय, आणखी मिळते. लोकरीचा गोळा मधोमध दोन भागांत उघडायचा, पाव उघडतात तसा. मग पाण्याखाली धरून लोकर थोडी थोडी सोडवायची. शेवटचा पापुद्रा मुळांच्या आत गुंतलेला असतो, तो चिमट्याने. घाई केली की मूळ तुटतं, आणि तुटताना बोटांना बारीकसा झटका कळतो, तिथेच थांबायचं. लोकरीत मोहरीएवढ्या पिवळ्या गोळ्या असतील. ते खत असतं. एकही टाकीत जाऊ द्यायची नाही, नाहीतर पाणी हिरवं होतं.

पिवळी, फाटकी पानं बुडापासून कापायची. मुळं दोन बोटं ठेवून बाकी छाटायची. एका कुंडीत एक झाड नसतं, पाच-सात रोपं एकत्र कोंबलेली असतात, ती सुटी करायची. पानांच्या मागे चिकट थेंब दिसले तर ती गोगलगाईची अंडी. बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे तुरटीची पूड टाकून रोपं दोन-तीन तास ठेवायची, मग साध्या पाण्यात दोनदा धुवायची.

तुझ्या ‘जावां’चं खोड आडवं असतं. ते वाळूत पुरलं तर कुजतं. दोऱ्याने लाकडाला बांध. जावांना मोकळं ठेवलेलंच बरं.

भाऊजींच्या ओळी शेवटी शेवटी मुंगीएवढ्या झाल्या आहेत. पुढच्या वेळी त्यांना अख्खा कागद दे, काटकसर कशाला?

ताई


१९ जानेवारी

ती. ताईंस,
साष्टांग नमस्कार.

‘मला काही कळत नाही’ असं म्हणणाऱ्या बाईचं पत्र मी तीनदा वाचलं आणि समोर टेकवून काम केलं. ताई, मूळ तुटताना बोटांना झटका कळतो, हे येता-जाता बघून कळतं का हो?

रविवारी सकाळी दहाला बसलो ते तीन वाजता उठलो. वर्तमानपत्र अंथरलं, परात घेतली. लोकर काढायचं काम मी केलं. आमच्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर बारीक स्क्रू पिळते, त्यामुळे जमलं. शेवटचा पापुद्रा निघाला तेव्हा मुळं अशी पांढरी शुभ्र सुटी झाली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पिवळ्या गोळ्या एकवीस निघाल्या. अंडी एका पानावर होती. सहा कुंड्यांतून चौतीस रोपं!

लावायचं काम मात्र ह्यांनी स्वतःकडे ठेवलं. ‘दादाचा चिमटा आहे, मीच लावणार.’ बरं म्हटलं. पहिलं रोप खोचलं, चिमटा बाहेर काढला की रोप चिमट्याबरोबर वर. पुन्हा खोचलं, पुन्हा वर. मी म्हटलं, ‘अहो, हळू सोडा.’ तर म्हणाले, ‘हळूच सोडतोय, पण ते सुटतच नाही.’ चिमटा हातातून दोनदा पाण्यात पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा हे हसले, मीही हसले. चौथ्यांदा कुणी हसलं नाही. शेवटी निम्मी रोपं मी लावली. हे हात पुसत म्हणाले, ‘दादाचे हात वेगळेच होते गं. आमचे स्टिअरिंगचे.’

तेव्हापासून जरा गप्प आहेत. त्यांना वाईट वाटणार नाही असं काहीतरी लिहा.

तुमची,
धाकटी


२७ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

नवी लावलेली रोपं वर येतातच. मुळं फार आखूड छाटली गेली असतील किंवा वाळूचा थर कमी असेल. तीन-चार बोटं हवा. रोप तिरकं खोचायचं, चिमटा आधी उघडायचा आणि मग जरासा हलवत मागे घ्यायचा. तरी नाही जमलं तर बुडाशी दोन-चार दिवस छोटा खडा ठेव.

बघून बरंच कळतं. मी बत्तीस वर्षं सर्जनच्या हातांकडे बघत होते.

आता मला एवढं कळव. चिमटा कोणत्या हातातून पडला? पाणी गार होतं का? भाऊजी हल्ली किती वाजता बस काढतात, झोप पुरी होते का?

ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईंस,
साष्टांग नमस्कार.

उजव्या. का हो, डावखुऱ्यांचा चिमटा वेगळा मिळतो का? पाणी गार नव्हतं, मी कोमट घातलं होतं. बस सकाळी सहाला काढतात, झोप म्हणाल तर रात्रभर हातपाय झाडत असतात. मला लाथ बसली की मी उठून बसते. स्वप्नातसुद्धा ब्रेक मारत असतील.

पण इथे मोठंच संकट आलंय. झाडं सडली! सहांपैकी दोन कुंड्या तपकिरी पानांच्या होत्या, त्यांची पानं आठवड्यात काचेसारखी पारदर्शक झाली आणि मग चक्क विरघळली. मी रोज चिमट्याने मऊ लगदा काढते. खोलीत ओल्या फडक्याचा असा कुबट वास सुटलाय की मी नाकाला पदर लावून झाडते. हे म्हणतात, ‘कसला वास? मला तर काही येत नाही.’ बायकोच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायचं तर निदान नाकाने तरी खरं बोलावं की नाही?

काल मात्र टाकीसमोर उभे राहून म्हणाले, ‘काढून टाक सगळं. दादाचं नाव घालवलं मी.’ मी म्हटलं, ‘अहो, झाडंच आहेत.’ तर खाली जाऊन बसमध्ये बसून राहिले. दादांच्या टाकीत असं कधी झालं होतं का? खरं सांगा.

तुमची,
धाकटी

खाली ह्यांनी लिहिलंय. मला ‘वहिनी, माफ करा, मला’ एवढंच लागलं. पुढचं तुम्हाला लागतंय का बघा.


२ मार्च

ती. ताईंस,
साष्टांग नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. झाडं मेली म्हणून रागावलात का? तसं असेल तर राग सोडा. मी काही उपटलं नव्हतं, म्हटलं ताईंचं उत्तर येऊ दे. आणि परवा बघते तर त्या सडक्या बुडांतून कोवळी, सुईसारखी पानं वर आली आहेत. एक-दोन नाही, जवळजवळ सगळ्यांनाच. दुकानदार म्हणतो, ही झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवतात, म्हणून पाण्यात गेली की जुनी पानं टाकतात आणि नवी काढतात. हे त्याला आधी सांगायला काय झालं होतं?

ह्यांना दाखवलं. बघून ‘बरं झालं’ म्हणाले, पण चेहरा हलला नाही. पूर्वी असं काही झालं की घर डोक्यावर घ्यायचे.

तब्येत बरी आहे ना तुमची? एक ओळ तरी लिहा.

तुमची,
धाकटी


६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. आधी एकटीने वाच. गिऱ्हाईक असेल तर नंतर वाच.

मी रागावलेले नाही. तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही, म्हणून सरळ लिहिते.

तुमच्या दादांना कंपवात होता. शेवटची पाच वर्षं. हे मला, त्यांना आणि लांबच्या एका डॉक्टरला माहीत होतं, चौथ्या कुणाला नाही. ते न्यूमोनियाने गेले हे खरं आहे, पण अर्धंच.

सुरुवात उजव्या हाताने झाली. ते कवळीचं मेण घरी आणून बसायचे. एक दिवस दात बसवता बसवता चिमटा पडला. मग अंगठा आणि बोट आपोआप हलायला लागलं, गोळी वळत बसल्यासारखं. ते म्हणाले, ‘कुणाला सांगायचं नाही. आमच्या धंद्यात हात गेला की माणूस गेला.’ मी नर्स. मला कळायला हवं होतं की आजार लपवला म्हणून थांबत नाही. पण मी ‘बरं’ म्हटलं. कारखाना सोडला तेव्हा डोळ्यांचं कारण सांगितलं. तू काळजीने दोन चष्मे करून पाठवलेस. ते दोन्ही तसेच डबीत आहेत. त्यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती.

टाकीचा नाद मात्र सुटेना. म्हणून दर रविवारी ते स्टुलावर बसायचे आणि मी हात घालायचे. पहिले काही महिने ते सांगायचे, मी करायचे. नंतर सांगावं लागायचं नाही. ती लोकर, ती मुळं, चिमटा सोडायची ती तऱ्हा, सगळे माझे हात. मंडळाला फोटो जायचे, करंडक टपालाने यायचा. एका वर्षी मंडळाने त्यांना झाडं लावून दाखवायला बोलावलं, तेव्हा मी ताप असल्याचं कळवलं. करंडकाबरोबरचा त्यांचा फोटो नीट बघ. उजवा हात कोटाच्या खिशात आहे. म्हणून तू विचारलंस तेव्हा मला काही कळत नाही असं लिहिलं. इतकी वर्षं तेच बोलायची सवय.

आता भाऊजींचं. त्यांची ओळ मोठ्या अक्षराने सुरू होते आणि लहान लहान होत जाते. पहिल्या वेळी मला वाटलं जागा संपली. ८ तारखेच्या पत्रात अर्धा कागद कोरा होता, तरी शेवटचे शब्द टाचणीच्या डोक्याएवढे. दादांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या अशाच व्हायच्या. वास येत नाही. झोपेत हातपाय झाडतात. चिमटा उजव्या हातातून चारदा. चेहरा हलत नाही. ह्यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या साध्या कारणानेही होते. सर्दीने वास जातो, घाईने अक्षर बिघडतं. हा आजार बहुतेकदा भावाभावांत येत नाही, पण कधीकधी येतो. माझं चुकत असेल तर मला आनंदच आहे. पण पाचही गोष्टी एका माणसात दिसल्यावर गप्प बसायचं पाप मी एकदा केलंय.

मेंदू आणि नसांचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे ने. आणि ते बघेपर्यंत भाऊजींनी बस काढू नये. तीत चाळीस मुलं असतात.

दादांनी गोळ्या तिसऱ्या वर्षी सुरू केल्या. आधी केल्या असत्या तरी आजार गेला नसता. पण ती दोन वर्षं त्यांनी दार लावून काढली नसती.

ताई


९ एप्रिल

ती. ताईंस,
नमस्कार.

उशीर झाला. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर रडायला येतं.

तुमचं पत्र मी दोन दिवस पर्समध्ये ठेवून फिरले. दोन दिवस बस गेली आणि आली. मी दुकानाच्या दारात उभी राहून ती जाताना बघत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्र ह्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळाने हाक आली.

‘कधीपासून माहीत होतं वहिनीला?’

‘तुमच्या अक्षरावरून, गेल्या महिन्यात—’

‘माझं नाही विचारत. दादाचं.’

‘पाच वर्षं म्हणतात.’

मग म्हणाले, ‘मी गेलो होतो तिकडे.’ ताई, हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षांपूर्वी दादांच्या वाढदिवसाला हे एकटे तुमच्याकडे आले होते. पिशवीत पाणी भरून चार मासे घेऊन, पाच तासांचा प्रवास करून. तुम्ही दारातच म्हणालात, ‘ते झोपलेत, आता उठवत नाही.’ हे तसेच परत आले, पिशवी मांडीवर घेऊन. मला घरी येऊन सांगितलं, ‘दादा खूश झाला.’ मी कधी विचारलंसुद्धा नाही की मासे कुठे गेले. त्यांना चार वर्षं वाटत होतं की करंडक मिळाला तसा दादांना बस चालवणाऱ्या भावाचा कमीपणा वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठले, कपडे केले. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, ‘बाजूला हो, किल्ली द्यायला चाललोय.’ डॉक्टरांकडे जायच्याही आधी जाऊन किल्ली ठेवून आले. मला वाटलं होतं भांडतील. मग गाडी चुकल्यासारखे आठवडाभर घरात बसून राहिले.

डॉक्टरांनी फार काही यंत्रं लावली नाहीत. बोटांची चिमूट भराभर उघडमीट करायला लावली, बोळातून चालायला लावलं. चालताना उजवा हात हलत नव्हता. इतकी वर्षं शेजारून चालते, माझ्या लक्षात आलं नाही. मग एक वाक्य पाच वेळा लिहायला दिलं. पाचवं मला वाचता येईना. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, वेळेवर आलात. ताई, तुमचं बरोबर होतं.

गोळ्या सुरू आहेत. बस आता मिळणार नाही. आगारात वेळापत्रकाचं काम देतो म्हणाले आहेत.

ताई, मला तुमच्याबद्दल काय वाटतं ते मलाच नीट सांगता येत नाही. तुम्ही लिहिलं नसतंत तर काय झालं असतं ह्या विचाराने अंगावर काटा येतो. आणि ह्यांचा राग मी बघते तेव्हा तोही मला खोटा वाटत नाही. ते म्हणाले, ‘वहिनीला लिही, आजाराचं दुःख नाही. दादाला माझ्यापासून लांब ठेवलं, त्याचं आहे.’ म्हणाले तसं लिहिलं.

धाकटी


१६ एप्रिल

प्रिय भाऊजी,

धाकटीच्या पत्रातून तुमचा निरोप मिळाला. तो खरा आहे, म्हणून मी बाजू मांडत नाही. पण त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत असायला हवं.

ते झोपलेले नव्हते. आतल्या खोलीत बसले होते. दोघांचे कप समोर होते आणि त्यांच्या कपातला चहा सगळा बशीत सांडलेला होता. तुमचा आवाज त्यांनी माझ्याआधी ओळखला. ते उठायला लागले, अर्धे उठले, मग हाताकडे बघितलं आणि खाली बसले. मला मानेने ‘नको’ म्हणाले. ‘नको’ त्यांचं होतं. पण दारात उभं राहून तुम्हाला बघत होते ती मी. पिशवीतले मासे मला दिसले होते. मी त्यांना म्हणू शकले असते की धाकटा भाऊ आहे, त्याला तुमचा चहा सांडलेला चालेल. म्हटलं नाही.

तुम्ही गेल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तुम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत. मग म्हणाले, ‘वजन वाढलंय त्याचं.’ त्या दिवशी जेवले नाहीत.

कमीपणाचं मनातून काढून टाका. तुम्ही पहिल्यांदा प्रवासी बस चालवलीत तेव्हा ते मुद्दाम तीनदा त्याच गाडीने फिरून आले होते आणि मागच्या बाकावर बसले होते, तुम्हाला दिसू नये म्हणून. लपून राहायची खोड जुनीच.

गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून पाळा. एक चुकली तर पुढची दुप्पट घेऊ नका.

वहिनी


२० मे

ती. वहिनींस,
नमस्कार.

हे पत्र मी चार दिवस लिहितोय, रोज थोडं. डॉक्टरांनी आखीव कागदावर मोठ्याने लिहायला सांगितलंय. मोठ्याने म्हणजे मोठ्या अक्षरात. ही बायको शेजारी बसून हसते आहे.

मागच्या बाकाचं मला माहीत नव्हतं. वाचून मी खाली आगारापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. हात हलवत चालायचं असतं, ते आठवणीने केलं.

मी कुणापासून लपवलेलं नाही. आगारात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एकाने विचारलं, ‘म्हणजे कॅरमला तुला आता भिडू मिळणार नाही?’ मी म्हटलं, ‘उलट, सोंगट्या आपोआप हलतील.’ तेव्हा हसले. आता फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहायचं काम माझ्याकडे आहे. खडूने लिहिलेलं लहान होत नाही, काय कारण असेल ते असो. मुलांच्या बसवर नवा माणूस आहे. सकाळी सहाला मी अजून जागा होतो.

मागच्या रविवारी आणखी दोन कुंड्या आणल्या. लोकर हिने काढली. लावायला मी बसलो, गोळी घेतल्यावर तासाभराने, तेव्हा हात बरा असतो. एक कुंडी लावायला पाऊण तास लागला. अकरा रोपांपैकी तीन वर आली. हिने हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे. तीन तरंगताहेत, तरंगू देत. मग चहा घेतला आणि पुन्हा खोचली. दोन बसली. एक अजून कुठेतरी काचेला चिकटून आहे. पंधरा दिवस जाऊ दिले की लहान मासे आणू, आठ.

वहिनी, दार लावलंत त्याचा राग गेलेला नाही. गेला असं लिहिलं तर खोटं होईल, आणि आपल्या घरात खोटं फार झालं. जाईल तेव्हा कळवीन. पण राग आहे म्हणून तुम्ही तिकडे आणि आम्ही इकडे, हे मला पुन्हा करायचं नाही. मासे आले की एका रविवारी या. तुमचे हात आता माहीत झालेत, तेव्हा हवं तर टाकीत घाला.

तुमचा,
दीर


१२ जून

प्रिय भाऊजी आणि चि. धाकटी,
आशीर्वाद.

पत्र पूर्ण वाचता आलं. शेवटच्या ओळीसुद्धा.

रविवारी येते. दहाच्या गाडीने. उतरवून घ्यायला कुणी येऊ नका, पत्ता माहीत आहे.

राग राहू दे. घाई नाही.

हात घालणार नाही. ते तुम्हा दोघांचं काम आहे आणि तुमचं चाललं आहे. मला एक खुर्ची द्या, टाकीसमोर. बावीस वर्षं ती टाकी माझ्या घरात होती. आधी माझी ड्यूटी असायची, नंतर मी वरून वाकून काम करायचे. वरून माशांच्या नुसत्या पाठी दिसतात. पुढून ती कशी दिसते ते मी फक्त मंडळाला पाठवलेल्या फोटोत बघितलं आहे.

ताई